इटलीचा साहेब

"असं नाई, लटारूभाऊ! बॅग अशी पुढं करा, का देवालेही घ्यावीशी वाटली पायजे!" नाटक कंपनीचे मालक भैयाजी ओरडले.

लटारूने बॅग पुढे केली. अश्वजितने तिच्याकडे न बघताच पालथ्या पंजाने ती मागे सारली. तालीम बघायला आलेल्या बायांनी, त्यात लटारूची बायको गिरजाबाईही आली, एकदम उसासा टाकला.

भैयाजींनी मोबाइलवर एक इटालियन सिनेमा पाहिला होता. बुडवलेल्या बँकेची चौकशी करणारा सरळ साहेब लाच नाकारतो, धमक्यांना भीत नाही आणि शेवटी गोळी खातो. भैयाजींनी इटली तशीच ठेवली, मध्ये दोन लावण्या घातल्या आणि वडशाच्या आपल्या कंपनीसाठी रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक तयार! साहेब अश्वजितला. लाच देणारा शेठ, नेहमीप्रमाणे, लटारूला.

तीस वर्षं लटारू खलनायक. त्याने खाल्लेल्या शिव्या रचल्या असत्या तर वैनगंगेवर पूल झाला असता. एटापल्लीकडे तर म्हणे एका म्हशीनेही त्याला ओळखून शिंगं उगारली होती. तेही त्याने पोटात घातलं. पण तालमीहून परतताना गिरजाबाई म्हणाली, "त्या अश्वजितचा चेहराच इमानदार आहे जी!"

"आन माहा?"

"तुम्ही चोर मस्त दिसता."

त्या दिवसापासून लटारूला भाकर गोड लागेना. दार लावून तो आरशापुढे पालथा पंजा सारून बघे.

झाडीपट्टीत नट आवडला की प्रेक्षक भर नाटकात स्टेजवर चढून बक्षीस देतात. माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात, नट नाटक थांबवतो आणि हात जोडून ते घेतो. प्रयोगाच्या गावी लटारूने पोचू ठेकेदाराला गाठलं.

"साहेब बॅग नाकारते ना, त्याच टायमाले चढ. पाचशे दे. तुह्यं नाव गाजंल."

कोट्यवधी नाकारणारा साहेब पाचशे घेताना गिरजाबाईला दिसला पाहिजे, एवढंच लटारूचं म्हणणं.

मंडप गच्च भरला होता. अश्वजितने बॅग सारली, टाळ्या पडल्या आणि पोचू नोट नाचवत स्टेजवर चढला. माइक गरजला. अश्वजितचा हात अर्ध्यावर थांबला. घ्यावी तर साहेब मेला, न घ्यावी तर पोचूची इज्जत गेली.

"घे ना बे साहेब! बॅगेपेक्षा हलकी आहे!" मागून कोणीतरी ओरडलं. मंडप खदखदला. गिरजाबाईने मान खाली घातली.

झालं होतं अगदी लटारूच्या मनासारखं. पण आपण स्टेजवर असताना नाटक पडू देणं त्याला तीस वर्षांत जमलं नव्हतं. पाय आपसूकच पुढे गेले. त्याने नोट हिसकावली आणि तो गरजला, "ठेकेदार, साहेब नाई घेत! इटलीत खाण्याचं खातं माह्याकडे आहे!"

पोचूसकट मंडप हसला. मग अश्वजितसाठी अशा टाळ्या पडल्या की कनाती हलल्या. साहेबाला गोळी लागेपर्यंत पुढे कोणी खोकलंही नाही. गिरजाबाई हुंदके देऊन रडली.

उजाडताना ती स्टेजमागे आली. "लाज नाई वाटली जी, त्या गरीब अश्वजितची नोट हिसकाले?" आणि उत्तराची वाट न बघता ती चहाच्या टपरीकडे गेली.

लटारूने नोट अश्वजितच्या हातात ठेवली. अश्वजितने ती परत पुढे केली. "तुम्हीच ठेवा, भाऊ. आज तुमच्यानंच वाचलो."

लटारू तोंडाचा रंग पुसत होता. नोटेकडे न बघताच त्याने पालथ्या पंजाने ती मागे सारली. आरशापुढेही ही अदा इतकी कधी साधली नव्हती. पण बघायला गिरजाबाई कुठं होती? बाहेर सतरंज्या गुंडाळणं चालू होतं.

गिरजाबाई चहा घेऊन आली. एकच कप होता. तिने तो अश्वजितपुढे धरला.