थंड इंजिनाची साक्ष

मी मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल मोजणारी पट्टी बोलते आहे. हातभर लांब, करंगळीहून अरुंद. अंगावर दोन खुणा: खालची गार तेलाची, वरची तापलेल्या तेलाची. सन दोन हजार चारच्या नोव्हेंबरात, हिवाळा नुकता लागला असताना, मी या घरी आले.

मोटार बाईंसाठी घेतली होती. आजारपणात त्यांच्या डाव्या पायातले बळ गेले. क्लच दाबणे अशक्य झाले. या मोटारीत गिअर आपोआप पडतात. बाई पुन्हा एकट्या ग्रंथालयात कामाला जाऊ लागल्या.

यजमान दर रविवारी सकाळी इंजिन सुरू करून लगेच मला बाहेर काढीत, पुसत, पुन्हा बुडवीत आणि चष्मा लावून पाहत. तेल वरच्या खुणेला टेकले नसले, की थोडे ओतीत. गार तेल आक्रसलेले असते. खालच्या खुणेशी ते पुरेसेच होते. मी खरे तेच दाखवीत होते, पण ते भलतीच खूण वाचीत होते.

पुढे यजमान गेले. मोटारघरातल्या कपाटाच्या दारावर त्यांच्या हातची चिठ्ठी राहिली: 'रविवार. तेल वरच्या खुणेपर्यंत.' बाईंनी एकही रविवार चुकवला नाही.

मग मोटार अडू लागली. गिअर टाकला तरी क्षणभर ढिम्म, मग धक्का देऊन निघे. चढावर इंजिन ओरडे, चाके रेंगाळत. एका गॅरेजने मला हातही न लावता निकाल दिला: गिअरबॉक्स बदला.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ही मोटार नाही, म्हैस आहे. नुसती हंबरते, जागची हलत नाही. शनिवारी गिऱ्हाईक आणतो."

"आणि मी कामाला कशी जाऊ, भाऊजी?"

"मी सोडीन की."

"रोज?"

भाऊजी खिशातल्या किल्ल्या चाचपू लागले.

शुक्रवारी बाईंनी एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी मोटार अर्धा तास फिरवून आणली. इंजिन चालूच ठेवून मला काढले, पांढऱ्या फडक्याने पुसले, पुन्हा बुडवले. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर, आणि त्यात फेस. त्यांनी थेंब फडक्यावर टिपून नाकाशी नेला.

"जळका वास नाही, ताई. रंगही लालच आहे. काळं असतं तर मी हात टेकले असते. तेल जास्त झालंय. आतली चाकं ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला जोर नसतो. कोण घालतं?"

"मीच. आधी आमचे हे घालत."

"गार इंजिनावर?"

बाईंनी कपाटाच्या दारावरच्या चिठ्ठीकडे पाहिले. "म्हणजे यांचंच चुकलं."

"काळजी जरा जास्त झाली, एवढंच."

"काळजी वेगळी, मिस्त्री. चूक ती चूक."

मिस्त्रींनी फेसाळ तेल काढून नवे मापात भरले.

दुसऱ्या दिवशी बाई भाऊजींना शेजारी बसवून चढ चढल्या. इंजिनाने आवाज चढवला नाही, भाऊजींनीही नाही. गिऱ्हाईक दारातूनच परत गेले.

मग बाईंनी ती चिठ्ठी काढली. यजमानांचे अक्षर त्यांनी खोडले नाही. त्याखाली आपल्या सरळ अक्षरात लिहिले: 'तापल्यावर. इंजिन चालू असताना.' आणि चिठ्ठी होती तिथेच लावली.

मला जरूर विचारा. फक्त मी तापेपर्यंत थांबा. बाई आता थांबतात. हे ठरले तो दिवस शनिवार, पाच मार्च दोन हजार अकरा.