अर्धा हौद

मित्रांनो, तालमीत शिरल्यावर डाव्या हाताला जी गुळगुळीत फरशी दिसते, तिच्याखाली माझं अर्धं अंग गाडलेलं आहे. उरलेलं अर्धं उजवीकडे उघडं आहे. मी एक जुना हौद. पाण्याचा नव्हे, कुस्तीच्या मातीचा. निरवांगीच्या वाटेवरच्या एका वाडीत माझा जन्म झाला. म्हाताऱ्याने गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल, पण मी गोड बोलणार नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या भागातली काळी माती भिजली की पायाला धरते आणि वाळली की दगड होते. तिच्यात कुस्ती जमत नाही. म्हणून वाडीने लोणी भापकरकडच्या माळावरून तांबूस माती बैलगाड्यांतून आणली. चाळून चाळून ती पिठासारखी केली. तिच्यात हळद, तेल, लिंबाचा रस, कापूर आणि ताक मिसळलं. जी घरं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची, ती तोवर ऊस लावून वाडीत स्थिरावली होती. त्या घरांतल्या बाया ताकाच्या चरव्या तालमीच्या उंबऱ्यावर ठेवून जात. असा मी घडलो. मला कुणी विकत आणलेलं नाही.

माझे वस्ताद गेणबा तात्या. त्यांचा कायदा एका दमात सांगून व्हायचा. "पाठ लागली तर हरलास, न्हायतर न्हाय." घड्याळ नव्हतं आणि गुणही नव्हते. दोन गोष्टी मात्र त्यांनी पोरांच्या हाडात मुरवल्या होत्या. हात मिळवायच्या आधी वाकायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची, मूठभर समोरच्याच्या खांद्यावर टाकायची. जो विसरेल त्याच्या पोटरीवर छडी बसे. दुसरी गोष्ट, "खाली गेलास तर मातीला चिकटून ऱ्हा. वरच्याला दमू दे. तो दमला की ऊठ." माझ्यात या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांच्या जोरावर आमच्या पोरांनी पंचक्रोशीतले फड मारले, आणि गावोगावचे लोक माझी माती कपाळाला लावायला येत.

ताक आणणाऱ्या दगडाबाईचा पोरगा मल्हार माझ्यातच वाढला. अंगाने लांबट, मानेने बैल. त्याला राज्याच्या कुमार संघात जायचं होतं. संघात गेलं की पोलीस भरतीत पैलवानाला दार उघडतं, एवढं त्याला ठाऊक होतं. शहाण्णव साली त्या संघाची निवड बारामतीला ठरली. कुस्ती गादीवर होणार होती.

पिंपळीचे पैलवान तेव्हा गादीवर सराव करायला जात होते. मल्हारने भीत भीत विचारलं, "वस्ताद, मीबी जाऊ का चार रोज?"

गेणबा भडकले. "कापसाच्या गादीवर निजत्यात, कुस्त्या खेळत न्हाईत! माती ज्याला आली त्याला समदं आलं."

मल्हारने मान खाली घातली. मला तोंड असतं तर त्याच दिवशी ओरडलो असतो, कारण मला जे येतं तेच मी शिकवू शकतो, हे मला कळत होतं.

निवडीच्या दिवशी काय झालं, ते मल्हारने संध्याकाळी माझ्या काठावर बसून सांगितलं. शिट्टी वाजली आणि तो सवयीने वाकला. हात खाली गेला, तर बोटांना गुळगुळीत रेक्झिन लागलं. तेवढ्यात समोरच्याने त्याचा पाय उचलून त्याला खाली घेतलं. गुण गेला. मग मल्हार शिकवल्याप्रमाणे पालथा पडून चिकटून राहिला, वरच्याला दमू देत. वरचा दमला नाही. त्याने कमरेला मिठी मारून मल्हारला पुन्हा पुन्हा लोळवलं आणि प्रत्येक लोळणीला गुण घेतले. शेवटी मल्हार उठला, त्याने समोरच्याला छातीवर घेतलं, आता टाकणार, तोच पंच म्हणाले, "वेळ संपली."

"मी पंचाला म्हनलो, साहेब, माजी पाठ कुठं लागली?" मल्हार सांगत होता. "तर लोक हासले, वस्ताद."

 छडी कोपऱ्यात टेकवून गेणबा घरी गेले आणि बरेच दिवस तालमीकडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, आता माझा राग ऐका. खेळाचे नियम बदलले, याचा मला राग नाही. खेळ चालतो तसे नियम बदलतातच. पण नियम बदलणाऱ्यांनी आमच्या वाडीत गादी पाठवली होती का? जो नियम पोराला कुणी शिकवलाच नाही, त्याच नियमाने त्याला मोजलं आणि वर हसले.

आमच्या तालमीच्या कमिटीचे अध्यक्ष मोहनराव. दूध संस्थेवरही तेच. त्यांना मल्हारचं हरणं फार लागलं, हे खोटं नाही. पण लागलं म्हणून त्यांनी काय केलं, तर हार माझ्या माथी मारली. "मातीनं घात केला. आता मॉडर्न व्हायला पायजे." ज्या माणसाने पोरपणी माझ्यात दंड बैठका काढल्या, त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने माझ्यावर मुरूम ओतला. वर फरशी बसवली आणि नव्या गादीचं पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन केलं. नारळ गादीवर फुटेना, तेव्हा उंबऱ्यावर फोडला.

मला वाटलं, चला, मी मेलो तरी पोरांना गादी मिळाली. कसली मिळते! दुसऱ्याच दिवशी मोहनरावांनी गादीची गुंडाळी करून खोलीत कोंडली आणि कुलूप घातलं. का, तर पोरांच्या घामाने खराब होईल. तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. ती बाहेर निघाली ती एकदाच, त्यांच्या लेकाच्या, शंभूराजच्या साखरपुड्यात. तालमीपुढच्या पटांगणात पाहुणे तिच्यावर बसून जेवले. फरशीखालून मला पंक्तीचा आवाज ऐकू येत होता आणि माझ्या अंगाची आग होत होती.

माती गेली आणि गादीही नाही. वयाच्या अटीने मल्हारला एकच वर्ष उरलं होतं. ते वर्ष त्याने नांगरलेल्या रानात, ढेकळांत घाम गाळून काढलं. पुन्हा बारामतीला गेला. या वेळी तो वाकला नाही. पण गादीवर पाय कसा सरकवायचा, लोळवणाऱ्याला कसं अडवायचं, हे ढेकळं थोडंच शिकवतात? तो पुन्हा गुणांवर हरला, आणि संघाचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर माझ्या डोक्यावर घाव बसला. मल्हारने पहार घेतली होती. फरशीचे तुकडे उडू लागले, खालचा मुरूम निघू लागला, तशी वाडी गोळा झाली. मोहनराव धावत आले.

"मल्हार, थांब! ही तालमीची मालमत्ता हाय!"

"व्हय? मग तालीम कुठं हाय, ती दावा."

"आरं, तुजं वय निघून गेलं. आता उकरून काय करणार?"

"माजं गेलं," मल्हार म्हणाला. "ह्या पोरांचं अजून जायचं हाय." आणि दारात उभ्या पोरांकडे न बघता त्याने पुढचा घाव घातला.

गर्दीतून गेणबा पुढे आले. वर्षभरात वाकले होते. त्यांनी मोहनरावांपुढे हात पसरला. "किल्ली द्या. निम्म्यात माती ऱ्हाईल, निम्म्यात गादी पडंल."

"तात्या, तुमाला गादीतलं काय कळतंय?"

"काय बी न्हाय कळत. म्हनूनच पोरगं बुडालं."

मोहनरावांनी इकडे तिकडे पाहिलं. दगडाबाई ताकाची चरवी घेऊन उंबऱ्यावर उभी होती, आणि आजवर कुठल्याच बाईने न ओलांडलेला तो उंबरा तिने ओलांडला. चरवी तिने माझ्या उघड्या अंगावर रिती केली. बोलली एकच. "द्या की वं किल्ली." त्यांनी दिली.

उरलेल्या फरशीवर गादी अंथरली. गेणबा जन्मात पहिल्यांदा तिच्यावर चढले, मल्हारसमोर उभे राहिले आणि सवयीने वाकले. मल्हारने त्यांचा पाय हलकेच उचलून धरला.

"गेला गुन, वस्ताद," तो म्हणाला.  "गादीवर वाकायचं न्हाय."

"पुन्यांदा दाव," गेणबा म्हणाले.

मित्रांनो, माझी माती उकरा, तिला ताक पाजा, गादी रोज झाडून ठेवा. आणि तुम्ही मोठे होऊन कधी नियम करायला बसलात, तर त्या नियमाने ज्या पोराला मोजणार, त्याच्या पायाखाली काय आहे ते आधी जाऊन बघा. मल्हार आता इथेच शिकवतो. त्याची पाठ अजून कुणी लावलेली नाही.