दाढ आणि दोरी

भावोजींची अक्कलदाढ अर्धीच वर आली आणि अडून बसली. हिरडीचा एक पापुद्रा तिच्यावर झाकणासारखा राहिला होता. ताई म्हणाली, "तिशी ओलांडल्यावर का होईना, अक्कल येतेय. येऊ दे बिचारीला." आम्ही हसलो. भावोजीही हसले, पण एकाच गालानं.

पुढं दाढेकडचा गाल फुगला. चावताना वरची दाढ सुजलेल्या हिरडीवर बसायची आणि ते कळवळायचे. मिठाच्या गुळण्या झाल्या, लवंग झाली, शेजारणीनं दिलेली गोळी झाली. डॉक्टरचं नाव काढलं की हातानंच "नंतर" म्हणायचे. गढूळ पाण्याच्या तळाशी उतरणारा माणूस, आणि चिमट्याला घाबरतो! मला असा संताप यायचा म्हणून सांगू.

भावोजी पाणबुडे. कालव्याच्या तोंडाशी पाण्याखाली लोखंडी जाळी आहे. तिच्यात फांद्या, प्लास्टिक, कधी मेलेलं जनावर अडकतं, भावोजी ते मोकळं करतात. मी काठावर दोरी धरतो. तिचं दुसरं टोक त्यांच्या कमरेला. मी एक हिसका दिला की "कसं काय?", त्यांनी एक दिला की "ठीक आहे". आणि खालून सांगितल्याशिवाय ओढायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. माणसाचा हात गजांच्या मध्ये असतो. वरच्यानं शहाणपणा केला तर हात तिथेच राहायचा.

त्या सकाळी हवेच्या नळीचं रबर तोंडात धरायला त्यांचा जबडा उघडेना.

"आज राहू द्या," मी म्हणालो.

"दुपारी कालव्याचं दार उघडायचंय. जाळी काय तू साफ करणारेस?"

"मग मरा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. त्यांनी बोटांनी ओठ फाकवून रबर आत सरकवलं, कमरेचा शिशाचा पट्टा आवळला आणि शिडीवरून खाली गेले.

थोड्या वेळानं काटक्या वर येऊ लागल्या. मला बरं वाटलं. म्हणजे हात चालू होते. मग काटक्या यायच्या थांबल्या. मी हिसका दिला. खालून उत्तर आलं, ठीक आहे.

पाण्यावर नुसते बुडबुडे. आधी ते सावकाश, मोठे मोठे येत होते. आता बारीक, घाईघाईनं, एकावर एक. पुन्हा विचारलं. ठीक आहे. मग माणूस करतोय काय खाली? पुन्हा विचारलं. ठीक आहे. नियम एकीकडे आणि ते बुडबुडे एकीकडे. घरी ताई डाळ घोटून पातळ करत असेल, यांना गिळता यावी म्हणून. तिला जाऊन काय सांगू? खालून उत्तर येत होतं, असं?

मी पाय रोवले आणि ओढलं. एक झटका बसला, काहीतरी सुटलं. हात तुटला असेल तर, एवढंच डोक्यात होतं.

भावोजी वर आले ते दोन्ही हात तोंडावर दाबून. हात शाबूत होते. मी बोटं सोडवली तेव्हा रबराबरोबर पू आणि रक्त बाहेर आलं. सूज कानापासून गळ्यापर्यंत उतरली होती. आडवं केलं की श्वास घुसमटायचा, म्हणून बसवूनच दवाखान्यात नेलं.

"हिरडीखाली अन्न अडकलं, पू झाला, तो आता गळ्याकडे निघालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या आला असतात तर श्वासाची वाट बंद झाली असती." त्यांनी गळ्याला छेद देऊन पू काढला. दाढ नंतर काढली. ताई भिंतीला टेकून उभी होती.

भावोजींना जरा बोलता यायला लागल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. इतक्या दिवसांची भीती बाहेर पडायला काहीतरी वाट हवीच होती.

"एवढा जीव जात होता तर 'ठीक आहे, ठीक आहे' कशाला कळवत होतात? कुणाला दाखवायची होती ती मर्दुमकी?"

"मी दोरीला हात लावलाच नाही," ते म्हणाले. "दुखण्यानं रबर दातांत धरवेना. एका हातानं रबर दाबलं होतं, दुसऱ्यानं ओठ. एक जरी सोडला असता तरी पाणी आत आलं असतं."

"मग हिसके कोण देत होतं?"

"एक ओंडका अडकला होता दोरीला. तू हलवलीस की तो मागे जायचा आणि पुन्हा येऊन आपटायचा. माझ्या डोळ्यांसमोरच होता. तो तुला 'ठीक आहे' सांगतोय, हे मला कळत होतं रे. आणि तू पुन्हा पुन्हा विचारत होतास."