दसऱ्यानंतरचा सर्व्हर

"बंद करून चालू कर," विद्याधर सर म्हणाले.

"आज नाही करणार," मी म्हणाले.

दसरा होऊन नऊ दिवस झाले होते. मुलुंडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज दहा वाजले की रिपोर्ट अडकायचे. सर सर्व्हर रीस्टार्ट करायचे, तासभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच. आणि दोष कुणाचा, तेही ठरून गेलं होतं. श्रुतिकाने लिहिलेला रिपोर्ट बनवायचा नवा प्रोग्रॅम दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाला होता. तिचं कंत्राट या महिनाअखेरीला संपत होतं. ते वाढवू नये, असं पत्र सरांनी तयार करून ठेवलं होतं. त्यावर सिस्टिम सांभाळणारी म्हणून माझी सही हवी होती.

"पेशंट खोळंबलेत, पद्मजा."

"रीस्टार्ट केलं की पुरावा जातो, सर. दहा मिनिटं द्या."

श्रुतिका दारातच उभी होती. "ताई, राहू दे ना. माझ्यामुळे तू कशाला वाईटपणा घेतेस?"

"तुझ्यामुळे नाही गं. मला उत्तर हवंय."

मशीनवरचा ताण दाखवणारा top आदेश मी चालवला. आठ कोअरच्या मशीनवर लोड अडतीस, म्हणजे अडतीस कामं रांगेत, तरी प्रोसेसर जवळजवळ रिकामा. कामं होत नव्हती, डिस्कची वाट बघत होती. मग दसऱ्यापर्यंत वापरात असलेला जुना प्रोग्रॅम त्याच रिपोर्टवर चालवून बघितला. त्यालाही तेवढाच वेळ लागला.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे श्रुतिकाचा प्रोग्रॅम नाही."

रिपोर्ट तयार होताना तात्पुरत्या फायली ज्या फोल्डरमध्ये पडतात, ते कुठल्या डिस्कवर आहे हे, जोडलेल्या डिस्क दाखवणाऱ्या df आदेशाला विचारलं. जुन्या, फिरत्या डिस्कवर. मशीनमधल्या सगळ्या डिस्कची यादी देणाऱ्या lsblk ने मात्र एक वेगवान एसएसडी डिस्कही दाखवली. मशीनमध्ये बसवलेली, पण कुठल्याच फोल्डरला न जोडलेली. मी इथे जानेवारीत आले, मला तिची कल्पनाच नव्हती. पूर्वी ती कुणी जोडली होती ते आदेशांच्या जुन्या नोंदींत सापडलं: गेल्या वर्षी दिवाळीनंतर, विद्याधर सरांच्या लॉगिनवरून, एका mount आदेशाने. हाताने जोडलेली डिस्क मशीन बंद होईपर्यंतच टिकते. कायमची हवी तर /etc/fstab या फाइलमध्ये तिची ओळ लिहावी लागते. ती लिहायची राहिली होती.

हे नऊ दिवस सोडले तर आमचा सर्व्हर वर्षातून एकदाच बंद होतो: दसऱ्याला, पूजेसाठी. रॅकवरचा झेंडू अजून तसाच होता, वाळून तपकिरी झालेला.

मी ओळ लिहिली, डिस्क जोडली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. लोड उतरत दोनवर आला. खालून काउंटरवरच्या क्षमाचा फोन आला, "काय केलंत? धडाधड सुटतायत."

सरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "झालं ना आता? पत्र वर पाठवायचं ठरलंय. सही करून टाक. डिस्कचं आपल्यात राहू दे."

"मी दुसरं लिहिलंय." मी त्यांच्यासमोर स्क्रीन वळवली. कारण, तारीख, आदेश, लॉगिन. चार ओळी.

"माझं नाव कशाला?"

"श्रुतिकाचं घालताना तुम्ही हे विचारलं नव्हतं."

"तुझीही नोकरी आहे, हे विसरू नकोस."

"नाही विसरले," मी म्हणाले आणि मेल पाठवला. संचालकांना, सरांना, श्रुतिकाला.

दुपारी दोनला काउंटर जेवणासाठी बंद झाला, तेव्हा मी सरांना पुन्हा वर बोलावलं. श्रुतिका आधीच आली होती.

"आता काय?"

"बंद करून चालू करतेय."

"सकाळी नाही म्हणालीस."

"सकाळी झाकायला करायचं होतं. आता तपासायला करतेय."

मी reboot टाइप केलं. पंखे थांबले, खोली शांत झाली, पुन्हा घरघर सुरू झाली. लॉगिन आलं. मी खुर्चीवरून उठले.

"df तू चालव, श्रुतिका. डिस्क जोडलेली राहिली का, ते सरांना दिसेल असं."