कढईखालचं गवत

डोंगरात पाहुणे फिरवणाऱ्या सायकालला कुलायम वहिनीने आपल्या कुरणात मुक्काम करू देताना एक अट घातली होती. "एक रात्र राहा. सकाळी मी मेंढ्या सोडीन. त्या चरल्या आणि तुमची एकही खूण दिसली नाही, तर दर उन्हाळ्याला ये. दिसली, तर पुन्हा पाहुणे घेऊन या झऱ्यावर फिरकायचं नाही."

वहिनीचं चुकत नव्हतं. गेल्या वर्षी कुण्या भलत्याच वाटाड्याच्या लोकांनी इथे शेकोटी पेटवली होती. ती जागा अजून बोडकी होती, आणि वहिनी येताजाता तिच्याकडे बघून त्या लोकांचा उद्धार करी. पण सायकालला दुसरा मार्गच नव्हता. खिंडीच्या अलीकडे पाणी एवढंच, आणि पाण्याशिवाय पाहुण्यांना डोंगरात आणायचं कसं? हे कुरण गेलं की तिचा धंदाही गेला.

त्यामुळे तिने पाहुण्यांना पार भंडावून सोडलं. तंबू खडीवर लावायला लावले. साबण झऱ्यापासून लांब नेला. चहाच्या पिशवीचा दोराही खिशात घालायला लावला. आणि विस्तव मुळीच नाही. बिचारे गार पाव चघळत बसले.

दिवस कलताना वहिनी आपल्या मुलासोबत आली. दोघांनी काठीला अडकवून भलीमोठी लोखंडी कढई आणली होती. मटणाचा रस्सा अजून रटरटत होता.

"माझ्या कुरणात येऊन माणसं गार खातात? उद्या खालच्या गावात मला नावं ठेवतील!" असं म्हणत तिने चुलीवरून उतरवलेली ती कढई थेट गवतात टेकवली.

चर्रर्र झालं. करपल्या गवताचा वास सायकालच्या नाकात शिरला. 'वहिनी, उचला ती' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण घरचं अन्न वाढायला आलेल्या मोठ्या बाईला असं कोण बोलणार? तिने निमूट वाडगा पुढे केला. पाहुणे मात्र बोटं चाटत जेवले.

"कढई राहू दे. सकाळी नेते," वहिनी जाताना म्हणाली.

सकाळी तंबू निघाले, पाहुणे खिंडीच्या वाटेला लागले. सायकालने सगळी जागा वाकून वाकून धुंडाळली. कढईपाशी मात्र ती गेली नाही. खाली काय असणार ते तिला ठाऊक होतं.

मेंढ्या आल्या आणि खाली माना घालून चरू लागल्या. वहिनी हात पाठीशी बांधून सगळीकडे फिरली.

"बघतच राहावं असं काम केलंस गं नणंदबाई! रात्री इथे माणसं झोपली होती की भुतं?"

सायकाल हसली नाही. वहिनीने मुलाला हाक मारली, दोघांनी कढई उचलली. खाली काळं, गोल, करपलेलं गवत.

"अगंबाई! हे कोणी केलं?"

सायकालने शेजारी उभ्या आपल्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा उगाच घट्ट केला. कुरण जायचं तर जाऊ दे, पण त्या रश्श्याला ती नावं ठेवणार नव्हती.

वहिनीने काळ्या गोलाकडे पाहिलं, मग कढईच्या बुडाकडे. कढई पुन्हा तिथेच टेकवली. ती त्या गोलावर बरोब्बर बसली. मुलगा फिस्सकन हसला, तशी वहिनीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"तुला ठाऊक होतं?"

"वास आला होता."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही जेवण घेऊन आला होतात, वहिनी."

वहिनीने मुलाला बादली देऊन झऱ्यावर पिटाळलं आणि स्वतः गुडघे टेकून करपलेली पाती हाताने मोकळी करू लागली.

"इथे पाणी मी घालीन, रोज," मान वर न करता ती म्हणाली. "पुढच्या वेळी येशील तेव्हा नदीतले तीन सपाट दगड घेऊन ये. माझी कढई ठेवायला."