वरच्या सहा ओळी

"सर, तोंडापुढचा कागद खाली घ्या," मल्लम्मा म्हणाली. "तुमी लपलात की भ्या वाटायलंय."

व्यंकटरावांनी कागद खाली घेतला. सोनपेठात कुणाचं इंग्रजी पत्र आलं की ते निवृत्त मास्तर व्यंकटरावांकडे येई. ते आधी मनात वाचत, मग मराठीत सांगत. वाचताना चेहरा दिसू नये म्हणून कागद उंच धरायचा, एवढीच त्यांची हुशारी. पस्तीस वर्षं शिकवूनही आपलं इंग्रजी पुस्तकातलंच, असं त्यांना वाटे.

आज समोर तिघं होती. मल्लम्मा, तिची सून त्रिवेणी आणि दीर कल्याणराव. मल्लम्माचा मुलगा मंगेश मालवाहू जहाजावर इंजिनात काम करायचा. तो जहाजावरून बेपत्ता झाल्याचा फोन वीस दिवसांपूर्वीच आला होता. हे कंपनीचं पत्र.

"तीन तारखेला पहाटे चारला त्याची पाळी संपली," व्यंकटराव सावकाश सांगू लागले. "नाश्त्याला आला नाही. खोलीत मोबाईल होता, चपला होत्या. जहाज दोन दिवस त्याच पाण्यात फिरलं. सापडला नाही."

"फुडं?"

"पुढं एक शब्द आहे. देअरफोर. मग लिहिलंय, तो गेला असं धरून घरच्यांनी सोबतच्या कागदावर सही करावी. म्हणजे शोधाची फाईल बंद करता येईल."

लाईट गेली. पंखा दोनदा कुरकुरला आणि थांबला.

"मग सही करा अन् मोकळं व्हा," कल्याणराव म्हणाले. "एवढी मोठी कंपनी काय येडी हाय का, वैनी?"

"भावजी, तुमी गप बसा. सर, त्या शबदाचा अर्थ काय?"

अर्थ ठाऊक असूनही त्यांनी कोश उघडला. म्हणून. त्यामुळे. सबब. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या हातचे हुकूम व्यंकटरावांनी पाहिले होते. 'सबब' लिहिलं की त्याच्याखाली कुणाचं तरी घर नाहीतर शेत जायचं. भूमितीत याच शब्दासाठी तीन ठिपके मांडत. वरच्यातून खालचं आपोआप निघत असेल तरच हा शब्द लिहा, असं त्यांनी पोरांना जन्मभर बजावलं होतं. कचेऱ्यांच्या पत्रांत मात्र तो कधीकधी आधीच ठरवलेल्या गोष्टीच्या अलीकडे आणून बसवलेला असे.

"म्हणजे असं, की वरचं घडलं, म्हणून खालचं."

"मग निघायलंय का वरच्यातून खालचं?"

व्यंकटरावांनी वरच्या सहा ओळी पुन्हा वाचल्या.

"नाही," ते म्हणाले. "तो सापडला नाही, एवढंच निघतं."

"बघा भावजी!" मल्लम्माचा आवाज एकदम चढला. "ल्हानपणी मंगेश जत्रंत दोन दिस हरवला व्हता, तवाबी तुमी असंच तोंड करून बसलावते. सही न्हाई." तिनं पत्राची चौपदरी घडी केली, पिशवीत कोंबली आणि काठी टेकत बाहेर पडली.

कल्याणराव उठले. "सर, चांगलं केलं न्हाई तुमी."

"त्यांनी अर्थ विचारला हो."

"म्हातारीला अर्थ घेऊन काय करायचाय? आता जलमभर दाराकडं बघत बसल." ते तरातरा निघून गेले.

त्रिवेणी तिथंच होती.

"निघत न्हाई, ते बरोबर हाय सर," ती हळू म्हणाली. "पण तुमाला काय वाटतं?"

पहाटेचे चार. चपला खोलीत. अवतीभवती नुसतं पाणी. व्यंकटरावांनी मांडीवरच्या कोशाचं पान उलटलं, मग पुन्हा मागं उलटलं. वर बघणं काही त्यांना जमलं नाही.

"समजलं," ती म्हणाली. "आत्याबाईला सांगू नका."

"त्रिवेणी, मी तसं काही..."

ती दाराबाहेर गेली होती.

खिडकीतून फाटक दिसत होतं. चैत्राच्या उन्हात मल्लम्मा सुनेची वाट बघत थांबली होती. त्रिवेणी जवळ जाताच ती कुरकुरली, "किती गं घामाघूम झालीस!" आणि पदराचं टोक घेऊन तिचं कपाळ पुसू लागली. कुंकवाला धक्का लागू नये म्हणून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, अगदी जपून.

त्रिवेणी डोळे मिटून उभी राहिली. सासूचा हात पोचावा म्हणून तिनं मान थोडी खाली केली होती.