पूर्ण नाव

“मालकाचं नाव तोंडातून काढायचं नाही. आयुष्य उणं होतं त्यांचं.” अंगावरची हळद निघायच्या आधीच सासूबाईंनी बजावलं होतं. आणि आता समाजमंदिरातल्या टेबलावरून टॅबमधली बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, “कृपया आपले पूर्ण नाव सांगा.”

“पुतळाबाई गांगुर्डे,” पुतळाबाई हळूच म्हणाली.

पडदा लाल झाला.

“मधलं नाव राहतंय, मावशी,” साक्षरता वर्ग घेणारी तेजस्विनी कुजबुजली. “तुमच्याच आवाजात लागतं. मला नाही सांगता येणार.”

तपासणीला आलेल्या सविता मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “एका केंद्रावर एकीच्या आधार कार्डावर दुसरीच बसलेली निघाली. स्वतःचं नाव येत नाही म्हणजे काय?”

“अहो मॅडम, हिला लग्नात उखाणासुद्धा घेऊ दिला नाही सासूनं,” मागून मैना म्हणाली. “तुमच्या डब्यापुढं काय नाव घेणार?”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुतळाबाई हसली नाही. सुरतेला कामाला जातो म्हणून मालक नाशिक रोडवरून गाडीत बसले, ते परतलेच नाहीत. दिरानं कुंकू पुसायला सांगितलं. तिनं कुंकू राखलं, सोमवार धरले. स्टेशनांच्या पाट्या वाचता आल्या की शोधायला निघायचं, एवढ्यासाठी ती या वर्गात बसत होती. आणि हा टॅब नेमकं मालकांचंच नाव मागत होता. माणूस असेल तिथं जिवंत असेल. त्याच्या उरल्यासुरल्या आयुष्यावर टपलेला हा कोण? तिनं टॅब बोटानं जरा लांब सारला.

“आज नोंद झाली नाही तर उद्यापासून वर्गात बसता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “फसवाफसवी चालायची नाही. इथं बोललेलं थेट दिल्लीला जातं.”

पुतळाबाईनं मान वर केली. “सुरतेला पण जातं का, मॅडम?”

“देशात कुठंही बसून ऐकता येतं,” मॅडम वैतागून म्हणाल्या.

पुतळाबाई टॅबकडं बघत राहिली. मग डोळे मिटून पुटपुटली, “महादेवा, नाव घेते. त्यांना राख. आज पाण्याचा थेंब न घेता तुझ्यापाशी चालत येते.”

तिनं डोक्यावरचा पदर सावरला, टॅब जवळ ओढला आणि नाव घेतलं. बांधापलीकडच्या माणसाला हाक मारावी, तसं.

पडदा हिरवा झाला. मॅडम तोवर पुढच्या बाईकडं वळल्या होत्या.

तेजस्विनीनं चहाचा कप पुढं केला. पुतळाबाईनं तो मैनाच्या हातात दिला. दाराबाहेर येऊन तिनं चपला उचलल्या आणि पिशवीत टाकल्या.

“कुठं सोडू, मावशी?” रिक्षावाल्यानं विचारलं.

तिनं मानेनंच नको म्हटलं आणि उन्हातून सोमेश्वराच्या देवळाच्या वाटेला लागली.